रस्ता पुन्हा का खणला? – परिसर अभ्यासाचा एक पाठ (इयत्ता ४ थी ते ६ वी)



जून महिना होता. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झालेला. आमच्या शाळेसमोरचा रस्ता उन्हाळ्यात खणला होता तो तसाच होता. पाऊस पडला, चर पाण्याने भरला, कडेची माती चिखल होऊन रस्त्यावर आली. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी चार दिवस आलीच नाही. घरी फोन केला तर आई म्हणाली, "बाई, तिला खड्ड्याच्या कडेने पाठवायची भीती वाटते. मी सकाळी सातला कामाला जाते, सोडायला कोणी नाही."

त्याच दिवशी वर्गात एका मुलाने विचारलं, "बाई, मागच्या वर्षी पण हा रस्ता खणला होता ना? मग परत का खणला? आणि कोण खणतं?"

मी पटकन म्हणाले, "सरकार."

उत्तर दिलं खरं, पण माझं मलाच पटलं नाही. कोणतं सरकार? कोणतं खातं? कशासाठी? कधी पूर्ण होणार? यातलं मला एकही सांगता येत नव्हतं. मी रोज त्याच रस्त्याने येते आणि मुलांना सार्वजनिक सुविधा, स्थानिक शासन हे पाठ शिकवते. पुस्तकातला पाठ पूर्ण झाला होता, पण दारातला पाठ आम्ही कोणी वाचलाच नव्हता.

मग पुढचे दोन आठवडे आम्ही तो वाचला. तो कसा घेतला, त्यातून काय मिळालं आणि कुठे अडलं, ते इथे सविस्तर देत आहे. तुमच्या शाळेसमोरही काही ना काही खणलेलं असेलच!

पाठाची उद्दिष्टे

१. आपल्या भागातल्या सुविधा कोणत्या आणि त्या कोणाच्या अखत्यारीत येतात हे मुलांना सांगता येणे.
२. एखादं सार्वजनिक काम कोणत्या पायऱ्यांनी होतं हे समजणे.
३. कामाचा फलक, सूचना आणि बातमी वाचून 'काय, कोण, किती, कधी' हे शोधता येणे.
४. योग्य कार्यालयाला योग्य शब्दांत अर्ज लिहिता येणे.

यातलं तिसरं उद्दिष्ट मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तक्रार करायला सगळ्यांनाच येते. नेमकं विचारायला मात्र शिकावं लागतं, आणि ते दहा वर्षांच्या मुलालाही जमतं.

शिक्षकांनी आधी वाचून ठेवायची माहिती

*शहराचा कारभार.* भारतीय राज्यघटनेत ७४ वी दुरुस्ती झाली आणि ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यामुळे नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांना घटनेत स्थान मिळालं. बारावी अनुसूची जोडली गेली. तिच्यात १८ विषय आहेत: रस्ते आणि पूल, पाणीपुरवठा, स्वच्छता, नगर नियोजन, दिवाबत्ती, उद्याने वगैरे. ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असंही घटना सांगते. मुंबई महानगरपालिकेचा कायदा वेगळा, १८८८ चा. राज्यातल्या इतर महानगरपालिका मुख्यतः १९४९ च्या कायद्याने चालतात.

मुलांना एवढं सगळं सांगायची गरज नाही. त्यांना तीन माणसं माहीत व्हावीत: आपण निवडून देतो ते नगरसेवक, प्रशासन चालवतात ते आयुक्त, आणि आपल्या भागाचं काम प्रत्यक्ष बघतात ते कनिष्ठ अभियंता. आणि एक जागा माहीत व्हावी: आपलं क्षेत्रीय किंवा प्रभाग कार्यालय. माझ्या वर्गातल्या ३४ मुलांपैकी फक्त दोघांना ते कार्यालय कुठे आहे हे माहीत होतं. त्यातल्या एकाला तर त्याच्या शेजारी वडापावची गाडी लागते म्हणून!

*रस्त्याखाली काय असतं?* वरून आपल्याला डांबर दिसतं. खाली पाण्याची पाइपलाइन, ड्रेनेज, पावसाळी गटार, विजेच्या केबल, इंटरनेटच्या केबल आणि काही शहरांत गॅसची पाइपलाइन असते. या प्रत्येकाचा मालक वेगळा. पाणी आणि ड्रेनेज महापालिकेचं, पण तिथेही खाती दोन. वीज बहुतेक शहरांत महावितरणची. केबल आणि गॅस कंपन्यांचे. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आणि पैसा येण्याची वेळही वेगळी. म्हणून एकाने बुजवलेला रस्ता दुसरा उकरतो.

खरं तर क्रम असा हवा: सगळ्यात खोल असतं ते आधी, म्हणजे ड्रेनेज. मग पाणी, मग केबल, आणि शेवटी वरचा रस्ता. हा क्रम चुकला की पैसाही जातो आणि रस्ताही.

*काम कसं होतं?* आधी गरज किंवा मागणी. मग अभियंता खर्चाचा अंदाज काढतो. अर्थसंकल्पात तरतूद आणि मंजुरी. मग निविदा. मग ठेकेदाराला कार्यादेश. मग प्रत्यक्ष काम, मोजमाप आणि बिल. त्यानंतरही एक पायरी असते, ती लोकांना फारशी माहीत नसते. ती म्हणजे दोष दायित्व कालावधी. करारात ठरलेल्या त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर दुरुस्ती ठेकेदारानेच करायची असते. फ्रिजची वॉरंटी असते ना, तशी रस्त्याची वॉरंटी. मुलांना हे ऐकून फार गंमत वाटली.

कृती १ : परिसर फेरी (१ तासिका)

मुलांना चार गटांत विभागा आणि शाळेपासून शंभर-दीडशे पावलं चालवा. प्रत्येक गटाला एकच विषय द्या: पाणी, सांडपाणी, दिवे, चालायची जागा. जे दिसेल ते वहीत लिहायचं. रस्त्यावरच्या चेंबरची झाकणं मोजायची. त्यांच्यावर काही अक्षरं असतील तर ती उतरवून घ्यायची, त्यावरून झाकण कोणाचं ते कळतं.

एक सूचना जोर देऊन सांगते. खणलेल्या चराजवळ मुलांना नेऊ नका. आम्ही फेरी पाऊस उघडल्यावर, चराच्या विरुद्ध बाजूने, दोन पालक सोबत घेऊन काढली. पाऊस असेल तर वर्गाच्या खिडकीतून बघा, तेही पुरतं.

कृती २ : डब्यातला रस्ता (१ तासिका)

बुजवलेला चर पहिल्या पावसात का खचतो, हे मुलांना तोंडी सांगून कळत नाही. करून दाखवा.

साहित्य : दोन सारख्या पारदर्शक बरण्या, कोरडी माती, लाकडी दांडा, पेला, स्केचपेन.

पहिल्या बरणीत माती एकदम ओता, वरपर्यंत. दुसऱ्या बरणीत तीन थरांत भरा आणि प्रत्येक थर दांड्याने ठोकून घट्ट करा. ही पण वरपर्यंत. दोन्ही बरण्यांवर मातीच्या उंचीची खूण करा. आता दोन्हींत एकेक पेला पाणी हळूहळू ओता आणि थांबा.

पहिल्या बरणीतली माती खाली बसते, खुणेपासून चांगलीच. दुसरीतली फारच कमी. मातीच्या कणांमध्ये हवा होती, पाण्याने कण सरकले आणि पोकळी भरली. चर एकदम बुजवून वर डांबर टाकलं तर हेच होतं. डांबराला दोष देतो आपण, पण चूक खालच्या थराची असते.

याला जोडून दुसरा छोटा प्रयोग. एक पाइप घ्या आणि दोन मुलांना दोन टोकं धरायला सांगा. आत गोटी सोडा. उतार दिला तरच गोटी पुढे जाते. ड्रेनेज असंच उताराने वाहतं, म्हणून ते मनाला येईल तसं वर-खाली वळवता येत नाही. पिण्याचं पाणी दाबाने येतं, म्हणून ती पाइपलाइन चढावरही चालते. "म्हणून ड्रेनेज आधी टाकायचं!" हे वाक्य वर्गातूनच आलं, मला सांगावं लागलं नाही.

इथे एक प्रसंग सांगते. चर्चेत मुलं "खणणारे लोक वाईट" असं बोलायला लागली. एक मुलगा एकदम गप्प झाला. त्याचे वडील खोदाईच्याच कामावर मजुरी करतात. मी विषय थांबवला आणि त्याला विचारलं, "तुझे बाबा सांगतात का काही कामाचं?" हळूहळू तो बोलायला लागला. खोल चरात उतरताना बाजू ढासळू नये म्हणून काय करतात, पाइप जोडल्यावर पाणी सोडून गळती कशी बघतात, जेसीबी कुठे चालत नाही आणि हाताने का खणावं लागतं. त्या दिवशी वर्गाचा गुरुजी तोच होता. तेव्हा हा पाठ घेताना ही काळजी जरूर घ्या. आपण कामाबद्दल बोलतो आहोत, माणसांना नावं ठेवत नाही.

कृती ३ : बातमीची शिडी (१ तासिका)

आपल्या भागाच्या बातम्या मुलं घरी ऐकतातच. "आपल्याकडे पूल मंजूर झाला", "रस्त्याचं भूमिपूजन झालं". मोठी माणसंही 'मंजूर झालं' म्हणजे 'झालं' असंच धरून चालतात आणि वर्षभराने चिडतात.

फळ्यावर शिडी काढा. खालून वर : मागणी – मंजुरी – निविदा – कार्यादेश – काम सुरू – काम पूर्ण – देखभाल. आता वर्तमानपत्रातली स्थानिक पानं मुलांना द्या आणि प्रत्येक बातमी शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे ते ओळखायला सांगा. भूमिपूजन आणि लोकार्पण हे कार्यक्रम आहेत, त्यांचे फोटो येतात. काम मात्र त्या दोन फोटोंच्या मधे होतं, आणि तिथे फोटो फारसे नसतात.

मोठं उदाहरण म्हणून मी पुणे घेतलं, कारण वर्गात बऱ्याच जणांचे मामा, मावशी तिकडे आहेत आणि मेट्रोत बसून आलेली मुलंही आहेत. तारखा फळ्यावर लिहिल्या :

- पुणे मेट्रोचं भूमिपूजन : २४ डिसेंबर २०१६
- पहिले दोन टप्पे सुरू : ६ मार्च २०२२ (वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी, मिळून सुमारे १२ किलोमीटर)
- पुढचे टप्पे, रुबी हॉल आणि दिवाणी न्यायालयापर्यंत : १ ऑगस्ट २०२३
- रामवाडीपर्यंत : ६ मार्च २०२४
- भूमिगत मार्गाने स्वारगेटपर्यंत : २९ सप्टेंबर २०२४

मग वजाबाकी. भूमिपूजनापासून पहिली गाडी धावेपर्यंत किती काळ गेला? पाच वर्षं आणि अडीच महिन्यांच्या आसपास. भूमिपूजनाच्या दिवशी जन्मलेलं बाळ पहिली गाडी धावली तेव्हा शाळेत जायच्या वयाचं झालं होतं! मोठी कामं तुकड्यातुकड्याने पूर्ण होतात, हे मुलांना आकड्यांतून कळलं.

शहर वाढतं म्हणजे काय, तेही याच शहरावरून दाखवता येतं. पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं तिच्या हद्दीत आली. कागदावर गाव एका दिवसात शहर होतं. पण पाण्याची पाइपलाइन, ड्रेनेज आणि रस्ता एका दिवसात येत नाहीत. शहराच्या कडेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बऱ्याचशा अडचणी याच मधल्या काळातल्या असतात.

पुण्याचीच आणखी एक गोष्ट मुलांना आवडली. तिथे २००६-०७ पासून नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची पद्धत आहे. पदपथ, दिवे, बसथांबा, बाक अशी ५ लाख रुपयांपर्यंतची कामं क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून सुचवता येतात आणि त्यातली निवडक पुढच्या अर्थसंकल्पात घेतली जातात. आपल्या शहरात अशी सोय आहे का, हे विचारायला एका मुलाने वडिलांना कार्यालयात पाठवलं. वडिलांनी मला फोन करून सांगितलं, "बाई, पोराने मला कामाला लावलं!"

कृती ४ : फलक शोधा, फलक वाचा

सार्वजनिक कामाच्या जागी माहितीचा फलक असायला हवा. त्यावर मुलांनी सात गोष्टी शोधायच्या : कामाचं नाव, कोणाचं काम, ठेकेदाराचं नाव, खर्च, सुरू झाल्याची तारीख, पूर्ण होण्याची तारीख, संपर्क.

आमच्या रस्त्याचा फलक पत्र्यांच्या मागे आडवा पडलेला होता. मुख्याध्यापक सरांनी तो उचलून कुंपणाला टेकवला. काम ड्रेनेजचं होतं. पूर्ण होण्याची तारीख दीड महिना आधीच उलटून गेली होती.

मुलं एकदम शांत झाली. आतापर्यंत 'कधीतरी होईल' असं असलेल्या कामाला एक तारीख होती, आणि ती गेली होती.

कृती ५ : अर्ज लेखन (मराठीच्या तासिकेशी जोडून)

पत्रलेखन आपण शिकवतोच, पण ते बहुधा काल्पनिक असतं. आम्ही खरं पत्र लिहिलं. नियम तीन ठेवले. राग लिहायचा नाही, जे पाहिलं ते लिहायचं. एका पत्रात एकच विषय. आणि शेवटी प्रश्न हवा, नुसती विनंती नको.

मुलांनी मिळून तयार केलेल्या पत्राचा गाभा असा होता : "आमच्या शाळेसमोर ड्रेनेजचं काम चालू आहे. फलकावरची तारीख होऊन गेली आहे. चर उघडा आहे आणि त्यात पाणी साचलं आहे. पहिली-दुसरीची मुलं त्याच्या कडेने चालतात. काम कोणत्या कारणाने थांबलं आहे? ते कधी पूर्ण होईल? तोपर्यंत आम्ही शाळेत कोणत्या बाजूने यावं?"

मुख्याध्यापक सर आधी थोडे कचरले. "मॅडम, उगाच राजकारण नको व्हायला." त्यांची काळजी चुकीची नव्हती. म्हणून पत्र शाळेच्या लेटरहेडवर, व्यवस्थापन समितीला दाखवून आणि फक्त संबंधित कार्यालयाला दिलं. पोच घेतली. त्याचा फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकला नाही.

सहाव्या दिवशी कनिष्ठ अभियंता आले. वर्गात पाच मिनिटं थांबले. एका ठिकाणी जुनी पाण्याची पाइपलाइन आडवी आली, ती सरकवण्याची परवानगी दुसऱ्या खात्याकडून यायची आहे, असं त्यांनी सांगितलं. मुलांना लगेच कळलं, कारण रस्त्याखालचं चित्र वहीत होतंच. मग एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, मग फलकावरची तारीख का नाही बदलली?"

ते हसले, पण उत्तर नव्हतं त्यांच्याकडे.

दोन दिवसांत शाळेच्या बाजूला चराला मजबूत पत्रे लागले, चिखलावर मुरूम पडला आणि चालायला एक पट्टा मोकळा झाला. फलकावर नवी तारीख आली. रस्ता काही लगेच झाला नाही. नवी तारीखही पंधरा दिवसांनी चुकली. पण मुरूम पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती न येणारी मुलगी वर्गात हजर होती. माझ्यासाठी पाठाचं मूल्यमापन तिथेच झालं.

पालकांसाठी थोडंसं

'उद्या दिवसभर पाणी नाही', 'आपला रस्ता तीन महिने बंद' असे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर येतात आणि आपण पुढे ढकलतो. पुढे पाठवण्याआधी मुलांसमोर तीन गोष्टी बघा : कोणी सांगितलं, कोणत्या तारखेचं आहे, आणि नेमका कोणता भाग. या तिन्ही नसतील तर ती अफवा असू शकते. मूल हे बघून शिकतं.

अर्जाला उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यायची असते. शिवाय स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना नोंदी बघू द्याव्यात, असा आदेश राज्य शासनाने २०१८ मध्ये काढला होता. तुमच्याकडे ही सोय चालू आहे का ते आधी विचारा, आणि असेल तर एखाद्या सोमवारी नक्की जाऊन या. मात्र हे मोठ्यांनी करायचं आहे, मुलांच्या नावाने नाही.

मूल्यमापन

१. तुमच्या घरासमोरच्या रस्त्याखाली काय काय असेल? चित्र काढा.
२. ड्रेनेज आधी का टाकतात?
३. 'पूल मंजूर झाला' आणि 'पूल सुरू झाला' यांत काय फरक आहे?
४. तुमच्या भागातल्या एका चालू कामाचा फलक वाचून सात गोष्टी लिहा. जी सापडली नाही तिथे 'सापडली नाही' असंच लिहा.
५. घरी विचारा : आपलं क्षेत्रीय कार्यालय कुठे आहे?

चौथ्या प्रश्नातलं 'सापडली नाही' हे उत्तर चूक धरू नका. त्याला पूर्ण गुण द्या. काय सापडलं नाही हे ज्याला कळतं, त्याला पुढे काय विचारायचं हेही कळतं.

पाठ संपल्यावर मी वर्गाला पुन्हा तोच प्रश्न विचारला, "रस्ता कोण खणतं?" यावेळी "सरकार" असं कोणीच म्हणालं नाही. एकदम पाच-सहा हात वर झाले आणि पहिला प्रतिप्रश्न आला, "बाई, कोणत्या कामासाठी ते आधी सांगा."

तुमच्या वर्गातही हा पाठ घेऊन बघा.